श्रद्धा उरली नाही हे वडिलांना सांगणे : १८४२ मधील एका घराचे प्रकरण

आपण देव किंवा धर्म मानत नाही हे श्रद्धाळू आईवडिलांना कसे सांगावे, या प्रश्नावर सल्ले पुष्कळ मिळतात. परंतु असे सांगितल्यावर एखाद्या घरात नेमके काय घडले, हे दोन्ही बाजूंच्या कागदपत्रांवरून तपासता येईल अशी प्रकरणे थोडी आहेत. बहुतेक वेळा सांगणाऱ्याची बाजू तेवढी उरते, आणि तीही पुष्कळ वर्षांनी, जखम भरून आल्यावर किंवा चिघळल्यावर लिहिलेली असते. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १८४२ च्या जानेवारी ते मे या काळात मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि तिचे वडील रॉबर्ट इव्हान्स यांच्यात जे घडले, ते याला अपवाद आहे. वडिलांची रोजनिशी, मुलीने त्यांना लिहिलेले पत्र, त्याच दिवसांत स्नेह्यांना लिहिलेली पत्रे, मध्यस्थांचे शेरे, पुढच्याच वर्षी तिने केलेला फेरविचार आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षी बोलून दाखवलेली खंत, असे सगळे थर येथे उपलब्ध आहेत. ही मुलगी पुढे जॉर्ज एलियट या टोपणनावाने कादंबरीकार म्हणून विख्यात झाली. या प्रकरणापुरती मात्र ती कीर्ती बाजूला ठेवणेच बरे, कारण १८४२ मध्ये ती २२ वर्षांची, अविवाहित, स्वतःचे उत्पन्न नसलेली आणि वडिलांचा संसार सांभाळणारी मुलगी होती, आणि अशा स्थितीतल्या माणसाला काय करता येते, हाच येथे प्रश्न आहे.

एक खुलासा आधीच करायला हवा. मराठीत ‘नास्तिक’ हा शब्द ऐसपैस वापरला जातो. काटेकोर अर्थाने मेरी अ‍ॅन त्या वर्षी ईश्वराचे अस्तित्व नाकारत नव्हती. बायबलचे दैवी प्रामाण्य आणि त्यावर उभारलेली चर्चची सिद्धान्तव्यवस्था तिने नाकारली होती. ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण ‘अज्ञेयवादी’ म्हणतो तो शब्द जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ली यांनी १८६९ मध्ये घडवला. म्हणजे आपण आता नेमके कोण आहोत हे सांगायला तिच्याजवळ सोयीचे नावही नव्हते. वडिलांच्या दृष्टीने या बारकाव्यांना काही किंमत नव्हती. मुलगी चर्चला येत नाही, एवढेच त्यांना दिसत होते आणि तेवढे त्यांना पुरेसे होते.

घर आणि त्यातली माणसे

रॉबर्ट इव्हान्स यांचा जन्म १७७३ चा. सुताराच्या घरातून वर येऊन ते वॉरिकशरमधील न्यूडिगेट घराण्याच्या आर्बरी जहागिरीचे कारभारी झाले होते. मेरी अ‍ॅन १८१९ च्या नोव्हेंबरमध्ये जन्मली. तिची आई १८३६ मध्ये वारली, मोठी बहीण पुढच्या वर्षी लग्न होऊन गेली आणि वडिलांच्या घराची सगळी व्यवस्था तिच्याकडे आली. १८४१ मध्ये भाऊ आयझॅक याचे लग्न ठरले तेव्हा ग्रिफ येथील जुने घर त्याच्याकडे सोपवून वडील मुलीला घेऊन कॉव्हेंट्रीलगतच्या फोल्सहिल भागात, बर्ड ग्रोव्ह या भाड्याच्या घरात राहायला आले. शहराजवळ राहिल्याने मुलीला चार चांगल्या घरांतली माणसे भेटतील आणि तिचे लग्न जमेल, हा त्या स्थलांतरामागचा एक हेतू होता. पुढचे सगळे भांडण समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कारण ज्या घरात धर्माचा वाद पेटला ते घर बऱ्याच अंशी त्या मुलीच्या भवितव्यासाठी घेतलेले होते.

वडील श्रद्धाळू होते, पण कर्मठ नव्हते. इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे ते नेमस्त अनुयायी होते. रविवारी चर्चला जाणे हा त्यांच्यासाठी जमीनदार, कुळे, शेजारी आणि आपण स्वतः अशा साऱ्यांना जागच्या जागी ठेवणाऱ्या व्यवस्थेचा भाग होता. या घरात धर्माचे वेड कोणाला असेल तर ते मेरी अ‍ॅनलाच होते. शाळेतल्या मराया लुईस या शिक्षिकेच्या प्रभावाने ती किशोरवयात इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलवर आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या वळणाची, कडक आचाराची झाली होती. १८३८ मध्ये भावाबरोबर लंडनला गेली असताना तिने नाटके पाहायला जाण्याचे साफ नाकारले आणि संध्याकाळी वाचत बसली. तेव्हा घरच्यांना त्रास झाला तो तिच्या अतिरेकी धार्मिकतेचा. धर्म गंभीरपणे घेणारे मूल धर्म सोडतानाही गंभीरपणेच सोडते, हे पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. जिला नाटक पाहण्यात पाप वाटत होते, तिला विश्वास नसताना प्रार्थनेला गुडघे टेकण्यातही पापच वाटणार होते. सचोटीची मोजपट्टी तीच राहिली, फक्त तिचे टोक दुसरीकडे वळले.

१८४१ च्या नोव्हेंबरमध्ये एलिझाबेथ पिअर्स या शेजारीणबाईंनी तिला आपला भाऊ चार्ल्स ब्रे याच्या रोझहिल या घरी नेले. ब्रे हे रेशमी फितींचे कारखानदार आणि चर्चला न जुमानणारे गृहस्थ होते. या भाविक मुलीच्या सहवासाने भावाच्या घरी काही धर्म शिरेल, अशी पिअर्सबाईंना आशा होती. घडले उलट. ब्रे यांच्या पत्नी कारा यांचे भाऊ चार्ल्स हेनेल यांनी ख्रिस्ती धर्माच्या उगमाची ऐतिहासिक चिकित्सा करणारे पुस्तक १८३८ मध्ये प्रसिद्ध केले होते, आणि मेरी अ‍ॅनच्या प्रतीवर तिच्या नावाखाली १ जानेवारी १८४२ ही तारीख आहे. घरच्यांनी मग सोपा निष्कर्ष काढला, की ब्रे मंडळींनी मुलगी बिघडवली. आजही पालक प्रथम हेच म्हणतात. मूल स्वतः विचार करून येथवर आले असेल, यापेक्षा कोणीतरी त्याला फितवले हे मानणे कमी वेदनादायक असते. पत्रे मात्र दुसरेच सांगतात. १३ नोव्हेंबर १८४१ ला तिने मराया लुईस यांना कळवले होते, की आपले सारे मन सर्वांत महत्त्वाच्या शोधात गुंतले आहे आणि त्यातून निघणारा निष्कर्ष कदाचित तुम्हाला दचकवील. म्हणजे दूर राहणाऱ्या जुन्या शिक्षिकेला दीड महिना आधी पूर्वसूचना मिळाली होती. एकाच छताखाली राहणाऱ्या वडिलांना अशी सूचना दिल्याचे कागदोपत्री कोठेही दिसत नाही.

२ जानेवारीचा रविवार

त्या दिवशी सकाळी रॉबर्ट इव्हान्स कॉव्हेंट्रीच्या ट्रिनिटी चर्चला गेले. सुटीसाठी पाहुण्या म्हणून आलेल्या लुईसबाई त्यांच्याबरोबर गेल्या. मेरी अ‍ॅन गेली नाही. वडिलांच्या रोजनिशीत एवढेच आहे. त्यावर राग नाही, विलाप नाही, टिप्पणीही नाही. जमिनीची मोजणी किंवा झाडांची तोड नोंदवावी तशी ही नोंद आहे. ज्या पिढीने मनातले कागदावर उतरवण्याची सवय कधी लावून घेतली नाही, त्या पिढीतल्या माणसाला किती लागले हे अशा कोरड्या नोंदीच्या जागेवरूनच ताडावे लागते. पुढे काही आठवडे घरात बोलणे जवळजवळ थांबले.

या पहिल्या पावलाची चिकित्सा थोडी तपशिलाने करायला हवी, कारण पुढची बहुतेक गुंतागुंत येथेच निर्माण झाली. मेरी अ‍ॅनने विचार सांगण्याआधी कृती नाकारली. घरी बसून, दार लावून, ‘माझा विश्वास राहिलेला नाही’ असे तिने वडिलांना आधी सांगितले असते, तर त्यांना ते ऐकायला, नाकारायला, चिडायला आणि निदान चार दिवस कोणाला न कळता ते बाळगायला वेळ मिळाला असता. तिने जे केले त्यामुळे बातमी बाप आणि लेक यांच्यात राहिलीच नाही. चर्चमध्ये माणसाची जागा ठरलेली असते आणि ती रिकामी राहिली की सगळ्या गावाला दिसते. त्यातच घरी पाहुणी होती, आणि ती पाहुणी म्हणजे मुलीला धर्माचे वळण लावणारी बाईच. वडिलांना स्वतःला काय वाटते हे कळण्याच्या आधीच लोकांना काय सांगायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. असे झाले की आईवडील मुलाशी बोलत नाहीत, लोकांशी बोलतात, आणि मूल मध्ये उभे असते.

तिच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बोलून दाखवण्याचा मार्ग तिला सुचला नसेल असे नाही. पण ज्या घरात अशा विषयावर बोलण्याची रीतच नव्हती, तेथे न जाणे ही एकच भाषा निश्चितपणे समजणार होती. शिवाय ती २२ वर्षांची होती. त्याच जानेवारीच्या २८ तारखेला पिअर्सबाईंना लिहिलेल्या पत्रात ती सत्याच्या मुक्तीसाठी चाललेल्या धर्मयुद्धात सामील होण्याची भाषा करते. नवी खात्री झालेल्या माणसाचा हा आवाज ओळखीचा आहे. आस्तिक नव्याने झालेला असो वा नास्तिक, पहिले काही महिने तो घरातल्या प्रत्येक प्रसंगाकडे परीक्षा म्हणून पाहतो.

मध्यस्थांची रीघ

वडील गप्प राहिले आणि इतरांनी तोंड उघडले. तिच्या जुन्या शाळेच्या चालक रेबेका फ्रँकलिन यांनी बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका धर्मोपदेशकाला तिच्याशी बोलायला पाठवले. भेटीनंतर त्याने सांगितले, की या मुलीच्या शेजारी सैतानच बसलेला असला पाहिजे, कारण धर्माच्या समर्थनार्थ जे जे पुस्तक आपण सुचवले ते तिने आधीच वाचलेले होते. ओळखीच्या सिब्री कुटुंबाने बर्मिंगहॅमच्या एका धर्मशिक्षण संस्थेतले प्राध्यापक फ्रान्सिस वॉट्स यांची गाठ घालून दिली. त्यांनीही एवढेच म्हटले, की तिने विषयाचा अभ्यास केला आहे. दोन्ही शेरे एकाच गोष्टीची कबुली देतात. ग्रंथप्रामाण्याच्या वादात तिला हरवणे शक्य नव्हते, आणि तो वाद जिंकल्याने तिच्या हाती काही पडणारही नव्हते, कारण वडिलांची तक्रार ग्रंथप्रामाण्याची नव्हतीच.

खरी तक्रार काय होती हे फक्त आयझॅकने उघड केले, आणि तेही रुक्षपणे. त्याचे म्हणणे असे, की वडील एवढा खर्च करून कॉव्हेंट्रीत घर चालवतात ते तिचे लग्न व्हावे म्हणून. ब्रे यांच्यासारख्या जहाल आणि धर्महीन माणसांत ती वावरू लागली तर तिला कोण पत्करणार? या भावाबद्दल वाचकाला प्रेम वाटण्याचे कारण नाही. तरीही सगळ्या मध्यस्थांत सर्वांत उपयोगी माहिती त्यानेच पुरवली, असे माझे मत आहे. त्याच्या बोलण्यातून कळते, की ‘तुझा देवावर विश्वास का नाही’ या प्रश्नाच्या पोटात ‘तुझे पुढे कसे होणार’, ‘आम्ही तुझ्यासाठी जे केले त्याचे काय’ आणि ‘आम्हाला लोक काय म्हणतील’ असे तीन वेगळे प्रश्न होते. यांतल्या पहिल्याला उत्तर देता येते, दुसऱ्यासाठी कृतज्ञता लागते आणि तिसऱ्यावर तडजोड काढावी लागते. धर्मशास्त्र यांपैकी एकाही प्रश्नाला लागू पडत नाही.

लोकांच्या बोलण्याची भीती अनाठायीही नव्हती. याच १८४२ मध्ये जॉर्ज होलिओक या अश्रद्ध वक्त्यांना चेल्टनहॅम येथील जाहीर भाषणानंतर ईश्वरनिंदेच्या आरोपाखाली ६ महिन्यांची कैद झाली. घरगुती अश्रद्धेला कोणी तुरुंगात टाकत नव्हते, पण शब्द तोच होता आणि त्याचा वास शेजाऱ्यांना येत होता.

सावत्र बहीण फॅनी हॉटन हिची भूमिका वेगळी होती. तिला स्वतःलाही शंका होत्या. तिचा सल्ला होता की त्या मनात ठेवाव्यात आणि चारचौघांत रीत पाळावी. जवळपास त्याच काळात चार्ल्स डार्विन यांना त्यांच्या वडिलांनी असेच सुचवले होते, की लग्नाआधी आपल्या धर्मविषयक शंका काळजीपूर्वक लपवाव्यात. डार्विन यांनी मात्र त्या १८३८ मध्ये आपल्या होणाऱ्या पत्नीला, एमाला, सांगून टाकल्या. न सांगणे हाही एक पर्याय असतो आणि तो नेहमी भित्रेपणाचाच असतो असे मी म्हणणार नाही. परंतु जिला रोज त्याच घरात राहायचे, दर रविवारी वडिलांच्या हाताला धरून त्याच बाकावर बसायचे आणि उद्या कदाचित त्यांनी पसंत केलेल्या भाविक माणसाशी लग्न करायचे, तिच्यासाठी लपवणे म्हणजे एकदाच गप्प बसणे नव्हते; ते आयुष्यभराचे काम झाले असते.

२८ फेब्रुवारीचे पत्र

आठ आठवडे असे गेल्यावर मेरी अ‍ॅनने वडिलांना पत्र लिहिले. दोघे एकाच घरात राहत होते. समोरासमोर बोलताना आपला नीट निभाव लागत नाही, म्हणून लिहिते, असे तिने सुरुवातीलाच सांगितले आहे. आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र मराठी वाचकाला चांगले ठाऊक असते. त्यात मुलाने नाकारली होती ती मोठ्या पगाराची वाट. येथे मुलीने नाकारली ती वडिलांच्या शेजारची जागा, आणि म्हणून या पत्राचे काम अधिक अवघड होते.

पत्रात तिने प्रथम एक गैरसमज दूर केला. ती युनिटेरियन, म्हणजे येशूला ईश्वर न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथात जाणार, अशी घरी शंका होती. तसे काही नाही, असे तिने स्पष्ट केले. मग आपले मत सांगितले: बायबलचे ग्रंथ म्हणजे सत्य आणि कल्पित यांची सरमिसळ असलेले इतिहास आहेत, येशूच्या नैतिक शिकवणीतील पुष्कळ भागाबद्दल आपल्याला आदर आणि प्रेम आहे, पण त्याच्या जीवनावर रचलेली सिद्धान्तांची इमारत ईश्वराला कमीपणा आणणारी आणि माणसांच्या सुखाला घातक आहे. असे मत असताना जगाला बरे दिसावे म्हणून त्या उपासनेत सामील होणे ही नीच लबाडी ठरेल, तेवढी एकच गोष्ट तुमच्यासाठीही करणार नाही, बाकी कितीही कष्टाचे असो, तुम्हाला क्षणभर आनंद व्हावा म्हणून हसत करीन.

पत्राचा उरलेला भाग पैशाचा आणि राहण्याचा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे. ती लिहिते: तुम्ही हे घर सोडून पॅकिंग्टनच्या तुमच्या लहान घरात गेलात तर तेथेही आनंदाने तुमच्याबरोबर राहीन. माझ्या असण्याने तुम्हाला सुख होणार नसेल तर मी स्वतःच्या बळावर जगेन. माझ्यासाठी काही तरतूद करायचे तुमच्या मनात असेल आणि ती तुम्हाला आता अधिक लायक वाटणाऱ्या इतर मुलांना द्यावीशी वाटली तर मी तक्रार करणार नाही. आपण होऊन तुम्हाला सोडून जाणे, एवढ्याचीच मला भीती वाटते. शेवटी ती म्हणते की तिची बाजू मांडणारे दुसरे कोणी नाही, आणि वडिलांवर तिचे कधी प्रेम असेल तर ते आता आहे.

आयझॅकच्या तोंडून आलेल्या तिन्ही प्रश्नांना या भागात कमीअधिक उत्तर आहे. तिने आपल्या मताची किंमत कोण भरणार हे स्वतःच सांगून टाकले आणि ती किंमत स्वतःच्या नावावर लिहिली. मत माझे, खर्च तुमचा, अशी स्थिती ठेवून मुले जेव्हा स्वातंत्र्य मागतात तेव्हा आईवडिलांना ते स्वातंत्र्य वाटत नाही, उर्मटपणा वाटतो. तिने तो आक्षेप घ्यायला जागाच ठेवली नाही. वडिलांचे मत बदलण्याचा प्रयत्न तिने एका ओळीतही केला नाही, हेही नोंदवण्याजोगे आहे.

दोष दाखवायचा तर तो क्रमाचा आहे. प्रेम पत्राच्या शेवटी आले आणि सिद्धान्तांवरचा घाव आधी आला. ६८ वर्षांच्या कारभाऱ्याला ‘ईश्वराला कमीपणा आणणारी’ आणि ‘घातक’ या शब्दांतून, आपण आयुष्यभर जे केले ते वाईट होते, एवढेच ऐकू गेले असणार. आपल्याला काय पटत नाही हे सांगणे आणि ते मानणाऱ्यांचे त्यामुळे किती नुकसान होते हे सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कबुलीसाठी पहिली पुरते. दुसरी लिहिण्याचा मोह मात्र प्रामाणिक माणसांनाच अधिक होतो.

ग्रिफ आणि तह

पत्राने वडील विरघळले नाहीत. त्यांनी बर्ड ग्रोव्ह सोडण्याची व्यवस्था सुरू केली. मेरी अ‍ॅन लेमिंग्टनला खोली घेऊन शिकवण्या करण्याचा विचार करू लागली. त्या काळी तिच्यासारख्या मुलीला पोट भरण्याचा त्याहून बरा मार्ग क्वचितच मिळत असे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती भावाकडे ग्रिफला गेली आणि सुमारे ५ आठवडे राहिली.

या ५ आठवड्यांत नवा युक्तिवाद कोणी केला नाही. तरी सगळे काही बदलले. तिला तेथे आपुलकीने वागवले गेले, तरी तिने पिअर्सबाईंना कळवले की तिला घर हवे आहे, पाहुणी म्हणून राहण्याचे ठिकाण नको. तिकडे वडिलांना मुलीशिवायचे घर कसे असते ते कळले. ३० एप्रिलच्या सुमारास ती परत आली आणि मे महिन्यात वडिलांच्या रोजनिशीत ती चर्चला बरोबर आल्याची नोंद दिसते. ठरले ते असे: तिने वडिलांबरोबर चर्चला जावे, आणि तेथे बसून मनात काय विचार करायचा याचे पूर्ण स्वातंत्र्य तिला असावे. तिची पुस्तके, तिचे वाचन, ब्रे यांच्याकडचे जाणेयेणे सुरूच राहिले.

हा तह वरवर तिची माघार वाटतो, कारण जी एकच गोष्ट करणार नाही असे तिने लिहिले होते, नेमकी तीच तिने मान्य केली. माझे वाचन थोडे वेगळे आहे. फेब्रुवारीत चर्चला जाणे म्हणजे ‘मी हे मानते’ अशी ग्वाही देणे होते, म्हणून ती लबाडी ठरत होती. मेमध्ये वडिलांना सत्य माहीत होते आणि ते माहीत असूनही त्यांनी तिला शेजारी बसायला बोलावले होते. फसवणूक कोणाचीच होत नव्हती, निदान घरात तरी. वडिलांनी मागितली ती सोबत. श्रद्धा मागण्याचा हट्ट त्यांनी सोडला. सांगण्याआधीचे जाणे आणि सांगितल्यानंतरचे जाणे, यांत बाहेरून काही फरक दिसत नाही, म्हणून पुष्कळ लोक या दोन्हींना दांभिकपणा म्हणतात. मला ते पटत नाही.

तिच्या स्वतःच्या मतातही फरक पडला होता. त्याच वसंतात कारा ब्रे यांना लिहिताना, आपल्या भावनांतली आणि निर्णयांतली घाई याचीच सर्वांत जास्त खंत वाटते, असे तिने म्हटले. ९ ऑक्टोबर १८४३ ला कारा यांची बहीण सारा हेनेल यांना लिहिलेल्या पत्रात ती आणखी पुढे जाते. तरुण मनाला ज्यात चुकीचा अंश आहे त्याला जराही संमती देऊ नये असे वाटते. पण वर्षा-दोन वर्षांच्या अनुभवानंतर कळते, की ज्या समजुती वरवरचे कवच वाटत होत्या त्या जिवंत शरीराचा भाग झालेल्या असतात आणि त्या ओरबाडून काढताना जीवच जातो. बुद्धीचे एकमत साधत नाही, तेव्हा भावनेतले सत्य हाच माणसांना जोडणारा धागा उरतो. हे पत्र १८४२ च्या जानेवारीतल्या त्या धर्मयुद्धाच्या भाषेनंतर सुमारे २० महिन्यांत लिहिलेले आहे.

१८८० मध्ये, मृत्यूच्या वर्षी, तिने पती जॉन क्रॉस यांना सांगितले की त्या प्रसंगी आपला दोष होता असे वाटत नाही, तरी वडिलांशी झालेल्या त्या संघर्षाइतकी खंत थोड्याच गोष्टींची वाटते, आणि थोड्या समजुतीने हाताळले असते तर तो टळला असता. ही समजूत नेमकी कोणती, हे क्रॉस यांनी नोंदवलेले नाही. वरील कागदपत्रांवरून मला ती तीन ठिकाणी शक्य दिसते: पाहुणी घरात असताना आणि रविवारी सकाळी तो विषय निघू न देणे; फेब्रुवारीतल्या पत्रातली कबुली जानेवारीच्या आधी देणे, आणि तीही सिद्धान्तांची चिरफाड न करता; आणि धर्मोपदेशकांशी वाद घालायला मुळात न बसणे. मतभेद त्याने टळला नसता. घर मोडायला निघाले होते, ते कदाचित टळले असते. मात्र वडिलांनाही थोडी समजूत दाखवता आली असती, हे तिने म्हटलेले नाही. ते आपण म्हणायला हवे. आठ आठवड्यांचे मौन आणि घर सोडण्याची तयारी ही त्यांची निवड होती.

पुढची ७ वर्षे

मेरी अ‍ॅन वडिलांबरोबर शेवटपर्यंत राहिली. याच काळात तिने जर्मन धर्मशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्राउस यांच्या येशूचरित्राच्या चिकित्सेचे जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर केले. ते १८४६ मध्ये अनुवादकाच्या नावाशिवाय छापले गेले आणि त्याबद्दल तिला २० पौंड मिळाले. म्हणजे रविवारी चर्च आणि आठवडाभर त्याच चर्चच्या कथांची उलटतपासणी, असा तिचा क्रम होता. हे जोडजीवन सोपे होते असे समजण्याचे कारण नाही. तहाची किंमत मुख्यतः तिनेच मोजली. वडिलांच्या दुखण्यात तिने त्यांची शुश्रूषा केली, त्यांना वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्या वाचून दाखवल्या. ३१ मे १८४९ ला ते वारले. आदल्या दिवसांतच तिने ब्रे यांना लिहिले होते, की वडिलांवाचून आपल्या नैतिक प्रकृतीचा एक भागच गेल्यासारखे होईल, आणि त्यांचा आवर घालणारा प्रभाव नसताना आपण कशा होऊ याचे भयानक चित्र रात्री डोळ्यांपुढे आले.

ज्या तरतुदीवरचा हक्क तिने १८४२ च्या पत्रात सोडून दिला होता, ती वडिलांनी रद्द केली नव्हती. मृत्युपत्रात तिच्यासाठी २००० पौंड विश्वस्तांकडे ठेवलेले निघाले. याच रकमेच्या उत्पन्नासंबंधी १८५७ मध्ये तिने आयझॅकला पत्र लिहिले आणि लेखक जॉर्ज लुईस यांच्याबरोबर आपण संसार करतो, हेही त्याच पत्रात कळवले. लुईस यांची पहिली पत्नी हयात होती. या वेळी कबुली पत्रानेच दिली होती, घाई नव्हती, सिद्धान्तांवर टीका नव्हती. आयझॅकने उत्तर स्वतः दिले नाही, वकिलाकरवी दिले, आणि १८८० पर्यंत तो तिच्याशी बोलला नाही.